राजाचे भगंदर आणि विरघळणारे बूच

१८ नोव्हेंबर १६८६ची सकाळ. व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सचा राजा चौदावा लुई आपल्या शयनगृहात शल्यचिकित्सकाची वाट पाहत होता. दरबारातील मोजक्या माणसांखेरीज कोणालाही याची कल्पना नव्हती. त्या वर्षाच्या आरंभी राजाच्या गुदद्वाराजवळ एक गळू झाले होते. ते फुटले, वाहिले आणि मागे एक अरुंद, सतत पाझरणारी वाट सोडून गेले. मलमे झाली, लेप झाले, औषधी झऱ्यांच्या पाण्याचा विचार झाला. ते पाणी आधी त्याच व्याधीच्या इतर रुग्णांना देऊन पाहिले गेले. कशाचाच गुण येईना. अखेर शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया सुचवली आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली.

ती मुदत त्याने पॅरिसच्या इस्पितळांतील गरीब रुग्णांवर सराव करण्यात घालवली. त्या रुग्णांची नावे इतिहासात उरलेली नाहीत. उरले ते फेलिक्सने खास घडवून घेतलेले बारीक, वक्र, चांदीच्या आवरणाचे शस्त्र. ते आजही पॅरिसच्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात पाहायला मिळते. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. राजाने वेदना निमूटपणे सोसल्या, पुढच्या काही आठवड्यांत आणखी छेद घ्यावे लागले तेही सोसले आणि १६८७ उजाडता उजाडता तो बरा झाला. मग दरबारात या व्याधीची फॅशनच आली. काही सरदार, ज्यांना मुळात काहीही झालेले नव्हते, आपल्यावरही तीच शस्त्रक्रिया व्हावी म्हणून शल्यचिकित्सकांच्या मागे लागले, असे त्या काळचा शल्यचिकित्सक दिओनिस लिहून गेला आहे. राजा बरा झाल्याबद्दल जानेवारी १६८७मध्ये संगीतकार लुली याने ईशस्तवनाचा भव्य कार्यक्रम केला. त्यात ताल देण्याची काठी त्याच्याच पायावर आदळली, जखम सडली आणि मार्चमध्ये तो मरण पावला. राजाच्या भगंदराने बळी घेतला तो असा, भलत्याच माणसाचा.

ही गोष्ट इतिहासाच्या बहुतेक रसिकांना ठाऊक असते. तिच्या पोटात दडलेला प्रश्न मात्र सहसा सांगितला जात नाही. फेलिक्सने नेमके काय कापले? आणि ते कापूनही राजाचा मलावरोधाचा ताबा कसा टिकला?

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला, श्लेष्मल त्वचेच्या घड्यांमध्ये, काही सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतील एखादी तुंबून तिच्यात पू झाला, की तो बाहेर पडण्यासाठी मार्ग शोधतो आणि नितंबाच्या त्वचेवर कोठेतरी तोंड फोडतो. अशा रीतीने आतले एक छिद्र, बाहेरचे एक छिद्र आणि त्यांना जोडणारा बोगदा तयार होतो. हेच भगंदर. आतून मळ आणि जंतू येत राहतात, म्हणून बोगदा बुजत नाही. बाहेरचे तोंड कधी वरवर मिटते, रुग्णाला बरे वाटू लागते आणि काही आठवड्यांनी ठणका पुन्हा सुरू होतो.

यावर सर्वांत जुना व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बोगद्याचे छप्परच कापून टाकणे. बोगद्याचा उघडा चर झाला, की तो तळापासून भरत येतो. अडचण एकच आहे. ते छप्पर बहुधा नुसत्या कातडीचे नसते. गुदद्वाराभोवती आकुंचक स्नायूंची दोन कडी असतात, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि माणसाचा मलविसर्जनावरचा ताबा याच कड्यांवर अवलंबून असतो. बोगदा त्यांतून आरपार गेलेला असेल, तर छप्पर कापणे म्हणजे ही कडी कापणे. थोडा भाग कापला तर चालते. जास्त कापला, तर भगंदर बरे होते आणि माणूस आयुष्यभर कपड्यांत घडी घालून वावरतो. लुई पुढे घोड्यावर बसला, मोहिमांवर गेला; त्यावरून त्याची वाट उथळ असावी, असा तर्क करता येतो. ज्यांची वाट खोल होती, त्यांच्या हकिकती कोणी दरबारी बखरकाराने लिहिल्या नाहीत.

बोगदा बुजवायचा, पण स्नायू कापायचा नाही. या एका अटीपायी शल्यचिकित्सकांनी दोन हजारांहून अधिक वर्षे डोके खपवले आहे, आणि त्या खटपटीत वारंवार हाती आली ती एकच वस्तू: धागा. या धाग्याचा विषयही तोच आहे.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात भगंदरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कच्च्या तागाच्या पाचपदरी धाग्याभोवती घोड्याचा केस गुंडाळून तो वाटेतून आरपार ओवायचा, त्याची टोके बांधायची आणि सैल पडेल तसा तो रोज आवळत जायचे, अशी कृती दिली आहे. धागा मधला मांसल भाग हळूहळू कापत जातो. तागाचा धागा कुजून तुटला, तर घोड्याच्या केसाच्या मदतीने नवा ओवता येतो. सुरीने क्षणात होणारे काम येथे दिवसांवर पसरलेले आहे, आणि त्यातच या युक्तीचे मर्म आहे. कापलेल्या भागाच्या मागोमाग जखम भरत येते, तंतुमय ऊती तयार होते आणि स्नायूची टोके एकमेकांपासून दूर पळत नाहीत.

भारतात सुश्रुतसंहितेने या व्याधीचे पाच प्रकार सांगितले: शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी. उंटाच्या मानेसारखा उंचवटा, शंखाच्या वेटोळ्यासारखी वळणे, चाळणीसारखी अनेक तोंडे. ही नावे ठेवणाऱ्याने रुग्ण जवळून पाहिले होते, यात संशय राहत नाही. सुश्रुताचा मुख्य भर शस्त्रकर्मावर आहे. परंतु नाडीव्रणाच्या चिकित्सेत तो एक पर्याय देतो. रुग्ण कृश, दुर्बळ किंवा भित्रा असेल, अथवा वाट मर्मस्थानी असेल, तर शहाण्या वैद्याने शस्त्र न वापरता क्षाराचा लेप दिलेल्या सूत्राने ती छेदावी, आणि भगंदरातही हाच विधी करावा, असा त्याचा आशय आहे. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने स्नुहीचा, म्हणजे थोराचा, चीक व हळद यांनी भावित केलेल्या सूत्राचा उल्लेख केला. ग्रीक धागा केवळ दाबाने कापत होता. भारतीय धाग्याला औषधाची जोड होती.

सुश्रुताच्याच ग्रंथात, अगदी वेगळ्या संदर्भात, आणखी एक गोष्ट येते, आणि आजच्या दृष्टीने ती कदाचित अधिक लक्षणीय आहे. आतड्याला छिद्र पडले असेल, तर त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून त्यांना चावा घेववावा, मग मुंग्यांची धडे तोडून टाकावीत, डोकी तशीच राहू द्यावीत आणि आतडे पोटात परत ठेवून वरून शिवून घ्यावे. आत राहिलेली ती डोकी पुन्हा बाहेर काढायची नाहीत. काम होईपर्यंत धरून ठेवणारी आणि नंतर शरीराच्या हवाली करून टाकायची वस्तू, ही कल्पना इतक्या जुन्या काळी मांडलेली आढळते. तेथून थेट आधुनिक रोपणापर्यंत रेघ ओढण्याचा मोह मात्र आवरावा. पुढे युरोपात जे घडले, ते मुंग्यांच्या डोक्यांवरून सुचलेले नाही.

मध्ययुगीन युरोपात या व्याधीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती इंग्लंडच्या जॉन आर्डर्नने. न्यूअर्क गावी व्यवसाय करणाऱ्या या शल्यचिकित्सकाने १३७६ साली गुदभगंदरावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्याकडे येणारे रुग्ण सरदार, धर्मगुरू, व्यापारी असे होते. त्यांतील पहिला सर ॲडम एव्हरिंगहॅम हा लॅक्सटनचा सरदार. आर्डर्न बोगदा उघडून कापत असे आणि त्यानंतर, त्या काळच्या रिवाजाला सोडून, जखमेत दाहक औषधे न भरता तिला साध्या उपचारांनी भरू देत असे. शुल्काबाबत मात्र तो सौम्य नव्हता. मातब्बर माणसाकडून १०० मार्क किंवा ४० पौंड मागावेत, शिवाय वस्त्रे आणि आयुष्यभराचे वार्षिक मानधन घ्यावे, आणि कोणत्याही परिस्थितीत १०० शिलिंगांखाली येऊ नये, असा सल्ला त्याने सहव्यावसायिकांना दिला आहे.

आर्डर्ननंतर साडेचारशे वर्षांनी लंडनमध्ये फ्रेडरिक सामनने उलट वाट धरली. १८३५ साली त्याने ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर अवघ्या सात खाटांचा एक दवाखाना काढला, तो भगंदर आणि गुदाशयाच्या इतर विकारांनी पीडित गरिबांसाठी. पुढे तो सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून जगभर ओळखला गेला. सामनच्या खासगी रुग्णांत चार्ल्स डिकन्सही होता. १८४१च्या ऑक्टोबरात त्याच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया झाली; ईथरची भूल वैद्यकात यायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता. याच रुग्णालयातील ॲलन पार्क्सने १९६१ साली गुदग्रंथींतील संसर्ग हे भगंदराचे मूळ असल्याचे साधार मांडले आणि १९७६ साली ४०० रुग्णांच्या अभ्यासावरून, बोगदा स्नायूंच्या कड्यांतून कसा जातो यावर आधारलेले वर्गीकरण दिले. शल्यचिकित्सक आजही त्याच भाषेत बोलतात. कोणता बोगदा निर्धास्तपणे कापावा आणि कोणत्याला सुरी लावू नये, हे आता सांगता येऊ लागले. ज्याला सुरी लावायची नाही, त्याचे करायचे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक संभाव्य उत्तर एव्हाना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दालनात तयार होत होते. त्यासाठी एका वासराची गोष्ट सांगावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तवाहिनी बांधण्यासाठी रेशीम किंवा तागाचा दोरा वापरत आणि त्याचे लांब टोक जखमेबाहेर लोंबत ठेवत. आत पू होऊन दोरा सुटा होईपर्यंत वाट पाहायची आणि मग तो ओढून काढायचा. त्या ओढाओढीत रक्तवाहिनी पुन्हा फुटून रुग्ण दगावण्याची भीती असे. कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ करणाऱ्या जोसेफ लिस्टरला वाटले, की दोराही निर्जंतुक केला तर टोके जवळून कापून तो आतच ठेवता येईल. त्याने रेशीम वापरून पाहिले. अशी एक रुग्ण काही महिन्यांनी दुसऱ्या कारणाने मरण पावली, तेव्हा तपासणीत रेशमाभोवती पुवासारखा द्राव आढळला. रेशीम शरीरात मुरत नव्हते.

१८६८च्या अखेरीस लिस्टरने एका वासराच्या मानेतील रक्तवाहिनी प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या दोऱ्यांनी बांधली. त्यांतील एक होता कॅटगट. नावात मांजर असले तरी हा दोरा मेंढीच्या आतड्यापासून बनतो. वाद्यांच्या तारांसाठी तो शतकानुशतके वापरात होता, आणि आतड्याच्या दोऱ्याने शिवण्याचे उल्लेख गेलन व अल-झहरावी यांच्याकडेही सापडतात. महिन्याभराने वासरू मारून लिस्टरने ती जागा उघडली. पहिल्या क्षणी त्याची निराशाच झाली, कारण बांधलेले दोरे जसेच्या तसे दिसत होते. बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले, की जे दिसत होते तो मूळचा दोरा नव्हताच. दोऱ्याच्या जागी, दोऱ्याच्याच आकाराची, वासराच्या स्वतःच्या जिवंत ऊतीची पट्टी तयार झाली होती.

हे निरीक्षण १८६९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. कॅटगट लगोलग जगभर पसरला आणि 'विरघळणारे टाके' हा शब्दप्रयोग पुढे घरोघरी पोहोचला. पण 'विरघळणारे' या शब्दात लिस्टरच्या निरीक्षणाचा अर्धाच भाग येतो. दोरा नाहीसा होतो, हे लोकांनी लक्षात ठेवले. नाहीसा होता होता तो आपल्या जागी शरीराला काही बांधू देतो, हा दुसरा अर्धा भाग जवळजवळ शंभर वर्षे बाजूला पडला.

विसाव्या शतकाने या कथेत रसायनशास्त्र आणले, तेही उलट्या मार्गाने. १९३०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सचा गट कृत्रिम तंतूंचा शोध घेत होता. त्यांनी बनवलेल्या एका वर्गातील पॉलिएस्टर कमी तापमानाला वितळत आणि पाण्यापुढे टिकत नसत. कापडासाठी ते निरुपयोगी, म्हणून गट दुसरीकडे वळला आणि त्यातून नायलॉन जन्माला आले. पाण्याने तुटणारा तंतू मोज्यांसाठी दोष असेल. शरीराच्या ओलाव्यात आपोआप तुटणारा तंतू टाक्यांसाठी गुण ठरणार होता. पॉलिग्लायकोलिक आम्लापासून केलेला 'डेक्सॉन' हा पहिला कृत्रिम विरघळणारा टाका १९७०च्या सुमारास बाजारात आला. कॅटगट शरीरातील विकरांकडून पचवला जातो, त्यामुळे त्याचा वेग माणसागणिक बदलतो आणि दाहही बराच होतो. डेक्सॉन केवळ पाण्याने तुटत असल्याने त्याचे वेळापत्रक पुष्कळ अचूक असते: साधारण महिन्याभरात बळ संपते, दोन-तीन महिन्यांत वस्तू संपते. पुढे गाईंतील मेंदूविकाराच्या भीतीने युरोपातून कॅटगट हद्दपार झाला. भारतात क्रोमिक कॅटगट अजूनही वापरला जातो.

लिस्टरच्या निरीक्षणाचा विसरलेला अर्धा भाग परत आला तो अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीफन बॅडिलॅक आणि त्याचे सहकारी महारोहिणीसाठी कृत्रिम नळीला पर्याय शोधत होते. कुत्र्याच्या लहान आतड्याचा तुकडा त्यांनी मुख्य रक्तवाहिनीच्या जागी शिवून पाहिला. काही काळाने तेथे आतडे शिल्लक नव्हते. रक्तवाहिनीसारखी भिंत तयार झाली होती. आतड्याच्या भिंतीतील अधःश्लेष्मल थर, पेशी काढून टाकून नुसता तंतुमय सांगाडा उरवला, की शरीर त्याला परका मानून वेढत नाही, त्यात शिरते आणि तो हळूहळू मोडून स्वतःचे बांधकाम करते. हे काम १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुढे या सांगाड्याचा स्रोत म्हणून डुकराचे आतडे सोयीचे ठरले. येथे एक मजेशीर योगायोग आहे: मेंढीच्या आतड्याच्या ज्या थरापासून कॅटगट पिळला जातो, तोही हाच अधःश्लेष्मल थर. १८६८ची दोरी आणि १९८९ची चादर एकाच कापडाची होती.

भगंदरासाठी या चादरीची सुरळी करावी, ही कल्पना ऐकायला किती साधी वाटते! शंकूच्या आकाराचे एक बूच. रुंद टोक आतल्या छिद्रात, निमुळते टोक बाहेरच्या छिद्रातून ओढून घेतलेले. आतले टोक विरघळणाऱ्या टाक्यांनी स्नायूला पक्के करायचे, बाहेरचे तोंड उघडे ठेवायचे म्हणजे द्राव तुंबणार नाही. काही महिन्यांत बूच जाईल आणि त्याच्या जागी रुग्णाची ऊती येईल. स्नायूचा एक तंतूही कापायचा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली अशा प्लगला मान्यता दिली. २००६ साली अटलांटातील शल्यचिकित्सकांनी २५ रुग्णांचा अभ्यास छापला. १० जणांच्या बोगद्यात फायब्रिनचा गोंद भरला होता, १५ जणांना प्लग बसवला होता. तीन महिन्यांनी गोंद १० पैकी ६ जणांत फसला होता, प्लग १५ पैकी फक्त २ जणांत.

गोंद आणि प्लग यांतील फरक समजून घेण्याजोगा आहे. दोन्ही विरघळतात, दोघांनाही स्नायू कापावा लागत नाही. पण गोंद पातळ असतो. खोकला, जोर, मळ यांच्या दाबाने तो वाहून जातो आणि शरीर पोहोचण्याआधीच संपतो. प्लगला देह होता, शिवाय टाक्याने बांधलेले मूळ होते. एकाच वर्षात आणखी मोठ्या गटाचे निकाल आले, तेही उत्साह वाढवणारे. डुकराच्या आतड्याची वस्तू शरीरात नको असणाऱ्या रुग्णांचा प्रश्नही फार काळ अडला नाही. पॉलिग्लायकोलिक आम्ल आणि ट्रायमेथिलीन कार्बोनेट यांच्या संयुक्त तंतूंपासून पूर्णतः कृत्रिम प्लग निघाला: वर एक चकती आणि तिला लोंबणाऱ्या बारीक नळ्या, बोगद्याच्या रुंदीप्रमाणे हव्या तितक्या ठेवायच्या. सहा-सात महिन्यांत तो शरीरात जिरतो.

आणि मग, वैद्यकात अनेकदा घडते तसे, इतर ठिकाणांहून आकडे येऊ लागले. कोठे निम्म्यांत यश, कोठे त्याहून बरेच कमी. प्लग निसटून पडत होता. कोठे बोगद्यात पू दबून राहिला होता, त्यावर प्लग बसवला गेला आणि तो सांगाडा ऊतीऐवजी जंतूंचे घर झाला. लिस्टरचे वासरू आणि बॅडिलॅकचा कुत्रा यांच्या बाबतीत वस्तू स्वच्छ जागी ठेवली होती. भगंदराचा बोगदा ही शरीरातील सर्वांत अस्वच्छ जागांपैकी एक. तिच्या भिंतीवर जुनाट, चिवट अस्तर चढलेले असते आणि वरच्या तोंडाशी दिवसातून एकदा-दोनदा मोठा दाब येतो. बांधकाम त्याच सांगाड्याचे, पण जमीन दलदलीची, असा हा प्रकार.

ब्रिटनमध्ये याचा सोक्षमोक्ष लावण्यासाठी 'फिअट' नावाची चाचणी झाली. स्नायूतून आरपार गेलेल्या भगंदराचे ३०४ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला आतड्याच्या सांगाड्याचा प्लग. दुसऱ्या गटाला शल्यचिकित्सकाला योग्य वाटेल तो जुना उपचार. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तपासता आलेल्या रुग्णांपैकी प्लगच्या गटात ५४ टक्के बरे झाले होते आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के. प्लगचा खर्च मात्र अधिक होता. ज्यांनी २००६चे आकडे वाचून आशा बांधली होती, त्यांना ही बरोबरी पराभवासारखी वाटली असेल. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर स्नायूला धक्का न लावता निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. प्लग फसला तरी रुग्ण जेथे होता तेथेच राहतो. सुरी फसली, तर तसे म्हणता येत नाही.

याच काळात जुना धागाही स्वस्थ बसलेला नव्हता. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून क्षारसूत्राला पुन्हा व्यवहारात आणले आणि त्याची कृती ठरवून दिली. तागाच्या धाग्यावर एकूण २१ लेप: ११ थोराच्या चिकाचे, ७ चीक व आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक व हळदीचे. गणपतीच्या पत्रीत वाहिला जातो, तोच हा आघाडा. सूत्र आठवड्याला बदलायचे; आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाट कापली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ५०२ रुग्णांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी चाचणी घडवली व १९९१ साली तिचे निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने बरे व्हायला ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के तर शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के निघाले. फिअटचे आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून क्षारसूत्र जिंकले, असे जाहीर करण्याची घाई समाजमाध्यमांवर अनेकदा होते. ती चूक आहे. दोन चाचण्यांतील रुग्ण वेगळे, बोगद्यांची खोली वेगळी, आणि क्षारसूत्र शेवटी स्नायू कापतेच, फक्त सावकाश. प्लगची अट तीच तर होती, की कापायचेच नाही.

नवी रोपणे बनवणाऱ्यांपुढचा पेच त्यामुळे आता पुष्कळ नेमका झाला आहे. वस्तू फार लवकर विरघळली, तर तिची गत गोंदाची होते. फार उशिरा विरघळली, तर ती परकी वस्तू म्हणून जंतूंना आसरा देते. ती इतकी मऊ हवी, की बसता-उठता टोचणार नाही, आणि इतकी पक्की हवी, की शौचाच्या जोराने निसटणार नाही. शिवाय बोगदा आतून स्वच्छ करून द्यावा लागतो, ते काम कोणतीच वस्तू स्वतः करत नाही. बँकॉकच्या अरुण रोजनसाकुल यांनी २००७च्या सुमारास वेगळीच दिशा घेतली: बूच नको, दोन स्नायूकड्यांच्या मधल्या फटीत शिरून बोगदा तेथेच विरघळणाऱ्या टाक्याने बांधायचा आणि कापून वेगळा करायचा. लिस्टर रक्तवाहिनी बांधत असे, तशी येथे व्याधीची वाट बांधली जाते.

प्लग बसवणारे शल्यचिकित्सकही तो पहिल्याच दिवशी बसवत नाहीत. आधी एमआरआय करून बोगद्याचे फाटे पाहतात, साठलेला पू काढतात आणि वाट निवळावी म्हणून तिच्यातून एक सैल दोरा ओवून काही आठवडे तसाच राहू देतात. तो आवळत नाहीत, कारण त्याला काही कापायचे नसते. तो दोरा आता बहुधा रबरी किंवा सिलिकॉनचा असतो. घोड्याचा केस तेवढा गेला आहे.